हवा मारायची की फिल्टर बदलायचा?

गेल्या अंकात इंजिन ऑइलविषयी लिहिताना ओघात एक वाक्य येऊन गेले होते, की ऑइल कितीही वेळेवर बदलले तरी एअर फिल्टर नीट बसलेला नसेल तर इंजिन अकाली झिजते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रे आली, की या वेळचे सदर संपूर्णपणे इंजिनाच्या एअर फिल्टरला द्यावे लागत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी २०१७ सालची असून ती ३८,००० किलोमीटर चालली आहे. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे चार किलोमीटर मुरमाचे आहेत आणि ऊसतोडीच्या हंगामात तिथे ट्रॉल्यांची रीघ लागलेली असते. आमचे मिस्त्री प्रत्येक सर्व्हिसिंगला फिल्टर काढून त्याला कंप्रेसरने हवा मारतात आणि “अजून आरामात चालेल” म्हणतात. सर्व्हिस सेंटरने मात्र २०,००० किलोमीटरलाच बदला असे सांगितले होते. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात ४०,००० लिहिले आहे. तिघांत खरे कोणाचे? (तालुका फलटण)

उत्तर : तुमचा रस्ता लक्षात घेता आकडा सर्व्हिस सेंटरचा बरोबर आहे, मात्र तो त्यांनी तुमचा रस्ता विचारून सांगितला असेल असे मला वाटत नाही. पुस्तकातला आकडा डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी असतो. त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरांत, धुळीच्या रस्त्यावर फिल्टर याहून लवकर तपासावा व लवकर बदलावा अशी सूचना असते, आणि नेमकी तीच ओळ आपण वाचत नाही. तेव्हा पुस्तकही खोटे नाही. तुमच्या मिस्त्रींविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण इतर पंधरा-वीस पत्रांतही हाच प्रकार आहे.

आधी हे पाहू की या कागदाच्या तुकड्यातून किती हवा जाते. पेट्रोल नीट जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास धरले, तर त्याला सुमारे ११ किलो हवा लागते, आणि ११ किलो हवा म्हणजे घनफळाने ९,००० लिटरहून थोडी अधिकच. लिटरला १८ किलोमीटर चालणारी गाडी ४०,००० किलोमीटरमध्ये सव्वादोन हजार लिटर पेट्रोल पिते आणि त्यासोबत दोन कोटी लिटर हवा, म्हणजे २०,००० घनमीटर हवा, ओढून घेते. एका घनमीटरमध्ये अवघी एक मिलिग्रॅम धूळ धरली तरी वीस ग्रॅम होते, म्हणजे चहाचे चार चमचे भरून धूळ. उसाच्या ट्रॉलीमागे चालणाऱ्या गाडीला एक मिलिग्रॅमचा हिशेब लावणे म्हणजे तर धुळीवर फारच मेहेरबानी झाली.

आणि ही धूळ मऊ नसते. खडीच्या आणि मुरमाच्या रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीत आपल्या काळ्या पाषाणातील खनिजांचे कण असतात. त्यांची कठीणता मोह्सच्या मोजपट्टीवर ५ ते ६ भरते, वाळूतल्या गारेची ७, आणि लोखंडाची जेमतेम ४ ते ५. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्यात असे कण मिसळले की ते तेल राहत नाही, घासायची पेस्ट होते. रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन उतरते, गाडी ऑइल खाऊ लागते. मालक म्हणतो, “ऑइल तर मी दर वेळी चांगल्यातलेच टाकत होतो!”

आता हवा मारण्याविषयी. फिल्टरचा कागद म्हणजे पिठाची चाळणी अशी आपली समजूत असते, म्हणून भोके मोकळी केली की चाळणी पुन्हा नवी झाली असे वाटते. प्रत्यक्षात तो तंतूंचा एक जाड, गुंतलेला थर असतो. बरेचसे कण त्या तंतूंमधील पोकळ्यांपेक्षाही लहान असतात आणि वळणावळणाने जाताना तंतूंना चिकटून अडकतात. पुढे अडकलेल्या धुळीचाच थर येणाऱ्या धुळीला अडवू लागतो. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की पहिल्यांदा निथळणारे पाणी गढूळ असते आणि थोड्या वेळाने ते नितळ येऊ लागते. फडके तेच असते, पण आतून दह्याचा थर बसलेला असतो. फिल्टरचे तसेच आहे. थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा अधिक चांगले गाळतो, आणि तो मळलेला दिसतो म्हणून दर पाच हजार किलोमीटरला झटकणे म्हणजे त्याचे चाललेले काम मोडणे होय.

त्यात गॅरेजमधल्या कंप्रेसरच्या टाकीत सात-आठ बारचा दाब असतो. बंदुकीचे तोंड कागदापासून दोन बोटांवर धरून हवा मारली, की तंतू फाकतात आणि डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. शिवाय हवा बहुतेक वेळा मळलेल्या बाजूनेच मारली जाते, त्यामुळे बारीक धूळ कागदाच्या आत ठोकून बसवली जाते. काही जण फिल्टर टायरवर आपटतात; त्याने धूळ पडते हे खरे, पण कडेची रबरी चौकटही वाकते. ज्या गाडीच्या पुस्तकात हवा मारून साफ करण्याची मुभा स्पष्टपणे दिली आहे, तिथे ती स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, दोन बारहून कमी दाबाने आणि वीतभर अंतरावरून मारावी. तशी मुभा नसेल तर मारू नये.

यापेक्षाही मोठी गोष्ट ही, की फिल्टर जितक्या वेळा उघडला जातो तितक्या वेळा तो चुकीचा बसण्याची संधी मिळते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गाडी आली होती. जेमतेम ६०,००० किलोमीटर झालेले इंजिन हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खात होते. फिल्टर जवळजवळ नवा होता, त्यामुळे मालकाला तिकडे शंकाही नव्हती. डब्याचे झाकण चार क्लिपांवर बसणारे होते. त्यांतली कोपऱ्यातली एक क्लिप कोणत्या तरी गॅरेजमध्ये तुटली होती आणि तिथे तारेचा वेढा मारला होता. झाकण उचलून पाहिले, तर त्या कोपऱ्यात रबराच्या कडेवरून पलीकडे गेलेली धुळीची एक रेघ होती. मुंग्यांची रांग लागावी तशी, पेन्सिलच्या टोकाएवढी जाड, तांबूस. पलीकडच्या पाइपात बोट फिरवले तर बोट तांबडे झाले. तीन-चारशे रुपयांचा फिल्टर आपल्या जागी निष्ठेने धूळ अडवत बसला होता आणि धूळ त्याला वळसा घालून चालली होती. इंजिन खोलावे लागले, त्याचा खर्च येथे लिहीत नाही.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा. हा फिल्टर आता बदला आणि यापुढे १५ ते २० हजार किलोमीटरला बदलत जा. ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, बदलण्याचा नेम ठेवलात तर तुमच्यासाठी ते सर्वांत सोयीचे पडेल. मधल्या सर्व्हिसिंगला मिस्त्रींना फक्त उघडून पाहायला सांगा, हवा मारायला नको. आणि प्रत्येक वेळी फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात पांढरा रुमाल फिरवून पाहायला सांगा. फिल्टर किती काळा झाला यापेक्षा तो रुमाल कसा निघतो हे महत्त्वाचे आहे. रुमालावर धूळ आली तर फिल्टर फाटलेला आहे किंवा बसलेला नाही, आणि तसे असेल तर किलोमीटर मोजत बसू नये.

प्रश्न : फिल्टर नवा टाकला की ॲव्हरेज वाढते असे सगळीकडे वाचतो. मी दोनदा बदलून पाहिला, हिशेबाच्या वहीत काडीचाही फरक नाही. माझे काही चुकते आहे का? (पुणे)

उत्तर : तुमची वही बरोबर आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली हीच गोष्ट मोजून पाहिली. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर मुद्दाम चोंदवूनही इंधनाच्या खपात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. गाडी वेग घेण्याचे प्रमाण मात्र मंदावले. कार्बोरेटर असलेल्या जुन्या गाडीत फरक दिसला, तो २ ते ६ टक्के.

याचे कारण सोपे आहे. पेट्रोल इंजिनाची ताकद आपण हवा कमी-जास्त करूनच सांभाळतो. ॲक्सिलरेटर अर्धा दाबलेला असतो तेव्हा थ्रॉटलची पाकळी हवेची वाट अर्धवट अडवून उभीच असते. फिल्टरही अडवू लागला की आपण नकळत पाय थोडा अधिक दाबतो, पाकळी थोडी अधिक उघडते आणि एकूण हिशेब तिथेच येतो. आत आलेली हवा सेन्सर मोजतो व कॉम्प्युटर तेवढ्याच हवेला पुरेल एवढे पेट्रोल सोडतो. कार्बोरेटरला हे मोजमाप जमत नाही. हवा अडली की तो पेट्रोल अधिक ओढतो. ॲव्हरेजची ही समजूत त्या काळातली आहे आणि कार्बोरेटर गेले तरी ती राहिली. बंद पडत आलेला फिल्टर तुम्हाला घाटात जाणवेल, ओव्हरटेक करताना जाणवेल, पंपावर जाणवणार नाही. आणि फाटलेला फिल्टर तर कुठेच जाणवणार नाही, उलट गाडी जरा मोकळीच पळेल. म्हणून तर तो जास्त धोकादायक आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०२१ सालची टर्बो डिझेल गाडी आहे. कोळशाच्या धुळीमुळे फिल्टर लवकर काळा होतो, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून धुऊन पुन्हा वापरता येणारा सुती फिल्टर ऑनलाइन मागवून बसवला. पहिल्यांदा धुऊन, तेल लावून बसवल्यानंतर आठवड्यातच इंजिनाचा दिवा लागला आणि पिकअप बसला. फिल्टरचा दोष की गाडीचा? (चंद्रपूर)

उत्तर : बहुधा तेलाचा. या सुती फिल्टरमध्ये धूळ धरून ठेवण्याचे काम जाळीत मुरलेले तेल करते. ते हातचे राखून लावावे लागते आणि पूर्ण पसरू द्यावे लागते. आपल्याकडे मात्र “अजून थोडे” लावण्याची सवय. जास्तीचे तेल हवेसोबत पुढे जाते. फिल्टरच्या लगेच पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यात केसासारखी बारीक तार किंवा पातळ पापुद्रा तापवलेला असतो आणि तो किती थंड होतो यावरून हवेचे माप काढले जाते. त्यावर तेलाचा तवंग आणि तेलावर कोळशाची भुकटी बसली, की माप चुकते. या सेन्सरसाठी मिळणारा खास स्प्रे मारून तो साफ करून घ्या. कापसाने, ब्रशने किंवा बोटाने त्याला स्पर्श करू देऊ नका, कार्बोरेटर साफ करण्याचा स्प्रेही नको. बहुतेक वेळा एवढ्याने दिवा जातो. तरीही गेला नाही, तर टर्बोचे पाइप तपासावे लागतील.

सुती फिल्टर पुन्हा बसवावा का, याबद्दल माझे मत नाही असे आहे. हवा अधिक सहज आत जाणे हा त्याचा गुण सांगितला जातो, पण सहज जाणाऱ्या हवेसोबत बारीक धूळही कागदापेक्षा सहज जाते, आणि कारखान्यातून आली तशीच असलेल्या गाडीत त्या मोकळ्या हवेचा उपयोग करून घेणारे काहीच नसते. शर्यतीसाठी बांधलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. ते शर्यतीनंतर खोललेच जाते. चंद्रपूरच्या हवेत रोज धावणाऱ्या गाडीला मूळ कंपनीचा कागदी फिल्टर दीडपट-दुप्पट वेळा बदलणे स्वस्त पडते.

एक गोष्ट डिझेलवाल्यांनी लक्षात ठेवावी. वरच्या उत्तरातली थ्रॉटलची सवलत तुम्हाला नाही. डिझेल इंजिनात हवा मोकळीच येऊ द्यायची असते आणि ताकद डिझेल कमी-जास्त करून सांभाळायची असते. हवा अडली की डिझेल अर्धवट जळते आणि काजळी वाढते. जुन्या गाडीत ती सायलेन्सरमधून काळा धूर होऊन बाहेर पडत असे आणि मागून येणारा हॉर्न वाजवून सांगत असे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर सायलेन्सरच्या वाटेवरच बसवलेला असतो, त्यामुळे धूर दिसत नाही, पण तो फिल्टर लवकर भरतो आणि तो स्वस्त नाही.

प्रश्न : जुलै २०२१ च्या पुरात आमची गाडी दारातच अर्ध्या दरवाजापर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर भावाने स्टार्टर मारला आणि इंजिन कायमचे गेले. आता नवी गाडी घेतली आहे. पावसाळ्यात फिल्टरच्या बाबतीत नेमके काय पाहावे? (चिपळूण)

उत्तर : तुमचे नुकसान झाल्याचे वाचून वाईट वाटले, त्या वर्षी असे बरेच स्टार्टर मारले गेले. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला जायला जागा नसते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे सगळे चावी फिरवल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत होते. बंद उभ्या गाडीचे इंजिन पाणी ओसरल्यावर वाचवता येते, फक्त ते फिरवायचे नसते.

म्हणून नव्या गाडीचे बॉनेट एकदा उघडून हवेच्या पाइपाचे तोंड कुठे आहे ते पाहून ठेवा. काही गाड्यांत ते जाळीच्या मागे वरच्या पट्टीला असते, काहींत हेडलाइटच्या मागे खाली वळलेले असते. तुमच्या गाडीची खरी पाणपातळी ती. उभ्या पाण्यात ती चाकाच्या बरीच वर दिसते, पण गाडी पाण्यातून चालवली की बंपरपुढे लाट उठते आणि पाणी तोंडापर्यंत पोचते.

गाडी बुडाली असल्याची शंका जरी आली, तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर भिजलेला असेल, डब्याच्या तळाशी चिखल असेल, तर चावीला हात लावू नका. गाडी उचलून गॅरेजला न्या. तिथे इंजेक्टर किंवा स्पार्क प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढतात. ऑइलची काडी काढून पाहा : ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. विम्याचेही पाहून घ्या. साध्या पॉलिसीत पाण्यात स्टार्टर मारल्याने झालेले इंजिनाचे नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते आणि कोकणात ते घ्यावेच.

नेहमीच्या पावसात फार काळजी नको. डब्याच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी एक छोटे भोक असते, ते उन्हाळ्यातल्या धुळीने आणि पानांनी बुजते. मे महिन्यात ते मोकळे करून घ्या. भिजलेला कागदी फिल्टर उन्हात वाळवून परत बसवू नये. वाळल्यावर तो दिसतो तसाच, पण कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि चौकट वाकलेली असते.

प्रश्न : फिल्टर घरी बदलता येतो का? गॅरेजवाले फिल्टरपेक्षा मजुरीच जास्त लावतात. मला स्कूटरचा प्लग बदलता येतो, एवढेच माझे ज्ञान. (डोंबिवली)

उत्तर : तेवढे ज्ञान पुरेसे आहे, ताई. इंजिन थंड असू द्या. फिल्टरचा डबा बहुतेक गाड्यांत बॉनेट उघडताच दिसणारा काळा प्लॅस्टिकचा डबा असतो आणि त्यातून हाताच्या मनगटाएवढा पाइप इंजिनाकडे गेलेला असतो. उघडण्याआधी झाकणावरची धूळ आणि पाने ओल्या फडक्याने पुसून घ्या. हे लहान काम बहुतेक मिस्त्री गाळतात आणि झाकण उचलताच ती धूळ आत पडते. मग क्लिपा सोडवा किंवा स्क्रू काढा. स्क्रू ठेवायला एखादी वाटी जवळ असू द्या, कारण इंजिनाच्या खाचेत पडलेला स्क्रू शोधण्यात गेलेली दुपार मी विसरलेलो नाही. झाकणावर सेन्सरची वायर जोडलेली असेल तर तिचे कुलूप दाबून प्लग काढा, वायर धरून ओढू नका.

जुना फिल्टर सरळ वर उचला, म्हणजे त्यावरची धूळ डब्यात सांडणार नाही. तो लगेच टाकू नका, नव्याच्या शेजारी ठेवून आकार, उंची आणि रबराची कड ताडून पाहा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल व डिझेल गाड्यांचे फिल्टर वेगळे असतात, आणि दोन मिलिमीटरचा फरक असलेला फिल्टर दाबून बसतो, पण सील होत नाही. डब्याची खालची बाजू व्हॅक्यूम क्लीनरने किंवा ओलसर फडक्याने साफ करा. नंतर वर सांगितलेला रुमाल पलीकडच्या पाइपात फिरवायचा.

नवा फिल्टर बाणाची किंवा “वर” अशी खूण असेल त्याप्रमाणे ठेवा आणि चारही बाजूंनी बोट फिरवून रबराची कड खोबणीत बसली आहे हे चाचपून पाहा. झाकणाच्या मागच्या बाजूला बहुधा दोन-तीन दात असतात, ते आधी आपल्या खाचांत घालायचे आणि मग पुढच्या क्लिपा लावायच्या. दात न घालता क्लिपा दाबल्या तर त्या लागतात, झाकणही बसल्यासारखे दिसते, आणि मागे बोटभर फट राहते. क्लिप लावायला फार जोर लागत असेल तर आत काहीतरी चुकले आहे, उघडून पुन्हा पाहा. शेवटी सेन्सरचा प्लग लावायला विसरू नका. फिल्टरच्या कडेवर पेनने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी “मागच्याच महिन्यात बदललाय” असे कोणी सांगितले तर पडताळता येते.

खरेदी मात्र बिल देणाऱ्या दुकानातून करावी. नकली फिल्टर खोक्यावरून ओळखणे कठीण असते. घड्यांमधले अंतर कमी-जास्त असणे, कागद बोटाला पिठासारखा मऊ लागणे आणि रबराला जागोजागी बुडबुडे असणे या खुणा त्यातल्या त्यात उपयोगी पडतात.

प्रश्न : एसीची हवा कमी येते, वासही येतो. एअर फिल्टर बदलून घेतला तरी फरक नाही. (नागपूर)

उत्तर : तुम्ही इंजिनाचा फिल्टर बदलला आहे. एसीचा फिल्टर वेगळा असतो आणि तो बहुधा डाव्या बाजूच्या सामानाच्या कप्प्यामागे, म्हणजे ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतो. तो तुमच्या फुप्फुसांसाठी आहे, इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही. बिलावर नुसते “एअर फिल्टर” लिहिलेले असले तर कोणता, हे विचारून घ्यावे.

प्रश्न : गाडी दोन महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. परत आल्यावर चालू केली तर दम खाऊ लागली. डबा उघडल्यावर फिल्टरच्या चिंध्या आणि शेंगांची टरफले निघाली. (नाशिक)

उत्तर : हवेचा पाइप उंदराला घराच्या दारासारखाच वाटतो : कोरडी जागा, कागदाची गादी आणि इंजिनाची ऊब. नवा फिल्टर टाकण्याआधी पलीकडचा पाइप काढून आत कागदाचे तुकडे गेले नाहीत ना, हे पाहून घ्या, सेन्सरची वायर कुरतडलेली नाही ना, हेही पाहा. पाइपाच्या तोंडाला बारीक मच्छरजाळी लावू नका, ती चिखलाने आणि पानांनी बंद होते. उंदीर जाणार नाही एवढ्याच अंतराची, बोट न शिरणारी जाड तारेची जाळी चालेल, पण ती सैल सुटून आत जाणार नाही अशी पक्की बसलेली हवी. महिनाभराहून अधिक काळ उभी असलेली गाडी चालू करण्यापूर्वी डबा उघडून पाहणे हा एक प्रसंग असा आहे, की जिथे मी उघडू नका असे म्हणणार नाही.

प्रश्न : वडिलांची जुनी डिझेल जीप दुरुस्त करून घेतली. तिला कागदाचा फिल्टर नसून तेलाचे भांडे आहे. त्यात कोणते तेल, किती आणि कधी बदलायचे? (लातूर)

उत्तर : हे भांडे पाहून बरे वाटले. हवा वरून खाली येते, तेलावर आदळून एकदम वळते, जड धूळ तेलात पडते आणि उरलेली वरच्या तारेच्या गुंतवळ्यात, तेलाने ओल्या झालेल्या तारांना चिकटते. जुन्या ट्रॅक्टरांनाही हीच सोय असे. कागदाइतकी बारीक धूळ ते पकडत नाही, पण मळणीच्या दिवसांतही चोंदत नाही आणि दर वेळी नवे काही विकत आणावे लागत नाही.

इंजिनात घालता तेच साधे ऑइल चालते. भांडे काढून तळाशी बोट घाला. चिखलाचा थर बोटाच्या पेराच्या अर्ध्याइतका झाला किंवा तेल घट्ट झाले, की बदलायचे. लातूरच्या उन्हाळ्यात शेतात फिरत असाल तर आठवड्याला पाहावे लागेल, डांबरी रस्त्यावर महिन्याला पुरे. तारेचा गुंतवळा वर्षातून एकदा डिझेलमध्ये बुडवून धुवा आणि पूर्ण निथळू द्या.

तेल भांड्यावरच्या खुणेपर्यंतच भरा. कमी भरले तर धूळ जाते एवढेच, पण जास्त भरले तर इंजिन ते तेल ओढून घेते, आणि डिझेल इंजिन तेलावरही तितक्याच आनंदाने चालते. चावी बंद केली तरी ते थांबत नाही आणि वेग वाढतच जातो. तसा प्रसंग आलाच तर गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री करून, हवेच्या तोंडावर हात न ठेवता जाड फळी किंवा ओल्या गोणपाटाची घट्ट घडी दाबून हवा बंद करायची.